रुग्णसेविकेची शब्दवही

(रुग्णसेविका प्रशिक्षणाचे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, लेखी स्वरूपात.)



मला दिलेला विषय आहे ‘प्रशिक्षणार्थी रुग्णसेविकांसाठी आवश्यक परिभाषा’. विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणींना वाटलं असेल की हे काम नर्सिंग कॉलेजच्या बाईंचं, समाजकार्य शिकलेल्या बाईचं इथे काय काम? आमच्या गटातही हा वाद झाला होता. एक बाजू म्हणत होती की बायकांना हक्क शिकवा, संघटना शिकवा, बी.डी. आणि टी.डी.एस. म्हणजे काय हे शिकवत बसलात तर तुम्ही ब्युरोवाल्यांना स्वस्त मजूर तयार करून देताय. हा मुद्दा खोटा नाही. पण या वर्गांवर गेली काही वर्षं शब्दांचा तास घेतल्यावर माझं मत असं झालंय की जिला आपल्या कामाचे शब्द येत नाहीत, तिला आपल्या हक्काचंही वाक्य पुरतं बोलता येत नाही. तिला दोन्हीकडे गप्प बसवणं सोपं जातं. म्हणून आज मी दोन्ही प्रकारच्या शब्दांबद्दल बोलणार आहे.

आपल्या वर्गात कोण येतं ते तुम्हाला माहीतच आहे. घरकाम करून गुडघे गेलेल्या बायका येतात. परित्यक्ता येतात, विधवा येतात, नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर घर सांभाळणाऱ्या येतात. काही आठवी-नववीपर्यंत शिकलेल्या, काहींना सही पुरती येते. सासूचं, आजेसासूचं अंथरुणातलं सगळं यांनी वर्षानुवर्षं केलेलं असतं. म्हणजे काम त्यांना येतं. येत नाहीत ते त्या कामाचे इस्पितळातले शब्द. आणि तिथले लोक शब्दावरून माणसाची किंमत करतात.

सुरुवात नावापासूनच करू. या बाईला म्हणायचं काय? वॉर्डात ती ‘मावशी’, जुन्या लोकांत ‘आया’, ब्युरोच्या जाहिरातीत ‘सिस्टर’, बिल्डिंगच्या गेटवरच्या वहीत ‘बाई’, आणि हल्ली ‘केअरटेकर’. आया हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला, इस्पितळ हा शब्दही त्यांचाच. सरकारी कौशल्य प्रशिक्षणात हिला ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ म्हणतात, घरी जाऊन काम करणारीला ‘होम हेल्थ एड’. मी वर्गात ‘रुग्णसेविका’ किंवा ‘नर्सिंग असिस्टंट’ म्हणते, आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते की ही नर्स नव्हे. हे लिहिलं की चेहरे पडतात. कारण गल्लीतल्या सहा महिन्यांच्या क्लासवाल्याने त्यांना पांढरी टोपी घालून फोटो काढून दिलेला असतो आणि ‘नर्सिंग कोर्स’ म्हणून पैसे घेतलेले असतात. नर्स म्हणजे दोन वर्षांचं ए.एन.एम., तीन वर्षांचं जी.एन.एम. किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली व्यक्ती.

हा भेद मी मानापमानासाठी सांगत नाही. ब्युरो घरच्यांना सांगतो ‘सिस्टर पाठवतो’ आणि सिस्टरचा दर लावतो. बाईच्या हातात पडतात आयाचे पैसे. मग घरचे म्हणतात, सिस्टर आहात ना, एवढं इंजेक्शन द्या, नाकातली नळी बदला. ती नाही म्हटली तर ब्युरो दुसरी पाठवतो. तिने केलं आणि काही बिघडलं, तर त्याच क्षणी ती सिस्टरची ‘अशिक्षित बाई’ होते. तेव्हा पहिला शब्द आपलं पद, आणि दुसरा शब्द ‘माझ्या कामात हे बसत नाही’. हे वाक्य आम्ही वर्गात मोठ्याने म्हणायला लावतो. पहिल्या दिवशी कुणाच्याही तोंडून नीट निघत नाही. ‘नाही’ म्हणायची सवय नसलेल्या बायकांना कॅथेटर हा शब्द त्यापेक्षा लवकर येतो!

आता दवाखान्यातल्या शब्दांकडे येते. आपली पुस्तकं काय करतात, तर इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी देतात आणि समोर संस्कृतासारखं मराठी देतात. ‘हायपरटेन्शन म्हणजे उच्च रक्तदाब’. बाईला दोन्ही कळत नाहीत, तिला ‘बीपी वाढलंय’ कळतं. यादी पाठ करून घेण्यापेक्षा कुठला शब्द चुकला तर माणसाला इजा होते, तिथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तसे शब्द फार नाहीत. पण त्यांवर वेळ घालवला पाहिजे.

पहिला शब्द ‘कफ’. डॉक्टर विचारतात, ‘कफ आहे का?’ त्यांच्या इंग्रजीत कफ म्हणजे खोकला. आपल्या मराठीत कफ म्हणजे बेडका. आजोबांना कोरडा खोकला आहे, बेडका पडतच नाही. बाई प्रामाणिकपणे म्हणते, ‘कफ नाही.’ डॉक्टर लिहितात, खोकला नाही. दोघंही खरं बोलले आणि कागदावर खोटं गेलं. म्हणून आम्ही शिकवतो की ‘कफ’ हा शब्दच वापरायचा नाही. खोकला आहे का, कोरडा की ओला, बेडका पडतो का, पांढरा, पिवळा, हिरवा की तांबूस, एवढं सांगायचं.

दुसरा शब्द ‘नळी’. घरात पडून असलेल्या पेशंटला दोन-तीन नळ्या असू शकतात. नाकातून पोटात गेलेली राइल्स ट्यूब, लघवीची फोलीज कॅथेटर आणि तिला जोडलेली युरोबॅग, हातातली शिरेची नळी आणि तिला लावलेली बाटली. बाटलीत काहीही असलं तरी आपण तिला ‘सलाईन’ म्हणतो, तो आणखी वेगळा घोटाळा. फोनवरून मुलगा सांगतो, ‘नळीतून औषध द्या.’ कुठल्या? चुकीच्या नळीत चुकीची वस्तू जाणं हा जगभरच्या इस्पितळांना माहीत असलेला अपघात आहे. तेव्हा नळी म्हणायचं नाही. नाकाची नळी, लघवीची नळी, शिरेची नळी. आणि शिरेच्या नळीला रुग्णसेविकेने स्वतः काहीही जोडायचं नाही. नाकाच्या नळीतून पातळ अन्न द्यायचं असेल तर ते नर्सने प्रत्यक्ष दाखवल्यावरच, डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचलून, आणि दिल्यावर लगेच आडवं करायचं नाही. ‘अंश’ म्हणजे काय हे सांगायला मी वहीचं पान दुमडते. काटकोन दुमडला की नव्वद, त्याच्या निम्मे पंचेचाळीस. भूमिती शाळेत सुटली असली तरी कापड कातरणाऱ्या बायकांना दुमड बरोबर कळते.

तिसरा गट उपासाचा. पेशंटच्या कॉटवर एन.बी.एम. अशी पाटी असते, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. बाईला विचारलं की अर्थ काय, तर ती म्हणते ‘उपास’. आणि आपल्या उपासाला चहा चालतो, साबुदाण्याची खिचडी तर हक्काची! पेशंटने रात्री मागितला म्हणून ऑपरेशनच्या आधी घोटभर चहा दिला जातो. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून ती पाटी असते, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आम्ही म्हणतो, एन.बी.एम. म्हणजे निर्जळी एकादशी. हे एकदा सांगितलं की कुणी विसरत नाही. मग रक्ताच्या ‘फास्टिंग’ तपासणीचं काय, असं एकीने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. ते उपाशीपोटी, पण तिथे साधं पाणी चालतं. म्हणजे इंग्रजीतल्या दोन शब्दांना आपल्याकडे दोन वेगळे उपास आहेतच, फक्त जोडून द्यायचे होते.

औषधाच्या चिठ्ठीवरची अक्षरं लॅटिनमधली आहेत. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना. ओ.डी. म्हणजे एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच ओ.डी. उजव्या डोळ्यासाठी लिहितात. डॉक्टरांनाही याचं काही वाटत नाही, मला वाटतं. ‘स्टॅट’ म्हणजे आत्ताच्या आत्ता. ‘एस.ओ.एस.’ म्हणजे गरज पडली तर. पण सिनेमा पाहिलेल्या पोरींना एस.ओ.एस. म्हणजे ‘वाचवा वाचवा’ असंच ठाऊक असतं, त्यामुळे ही गोळी सगळ्यांत तातडीची असा समज होतो. अगदी उलटं. याहून वाईट अक्षर इन्सुलिनचं. दहा युनिट लिहिताना दहाच्या पुढे इंग्रजी यू हे अक्षर काढतात आणि घाईच्या अक्षरात तो यू शून्यासारखा दिसतो. दहाचे शंभर होतात. अमेरिकेत इस्पितळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली वापरू नये अशा खुणांची यादीच काढली, त्यात हा यू आहे. आपल्याकडे अजून सर्रास लिहितात. शिवाय इन्सुलिनच्या बाटल्या चाळीसच्या आणि शंभरच्या अशा दोन ताकदीच्या मिळतात, त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. रुग्णसेविकेने इन्सुलिन द्यायचं नाही हे खरं, पण घरात ती बाटली आणि ती सिरिंज रोज तिच्याच डोळ्यांसमोर असते. टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळत नाही हे तिला ओळखता आलं पाहिजे आणि ‘हे जुळत नाही’ असं म्हणता आलं पाहिजे.

आकड्यांबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघर आलं. त्यावर दोन आकडे दिसतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडी ९६ आणि ऑक्सिजन ८८ असताना ‘शहाण्णव आहे, चांगलं आहे’ असं सांगितलं गेल्याचं मी एकीकडून नव्हे, अनेकींकडून ऐकलं. तेच थर्मामीटरचं. आपल्या डोक्यात ९८ आणि १०० चे आकडे असतात, आणि मशीन सेल्सिअसवर असलं तर ३८.५ दाखवतं. बाई वहीत लिहिते ‘ताप नाही’. तो ताप १०१ च्या वर आहे! म्हणून आकड्यापुढे त्याचं नाव लिहिल्याशिवाय आकडा वहीत जाऊ द्यायचा नाही.

आता मी जिथे जास्त रेंगाळते तो भाग. आपल्या बायकांकडे शब्द नाहीत हे साफ खोटं आहे. दुखण्याला इंग्रजीत ‘पेन’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, मुरडा मारतो, आग होते, जळजळतं, मुंग्या येतात, बधिर होतं. यातल्या प्रत्येक शब्दाने डॉक्टरला वेगळी माहिती मिळते. ‘चक्कर’ घ्या. गरगर फिरल्यासारखं होणं वेगळं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, भोवळ येऊन पडणं वेगळं. ग्लानी, गुंगी, झापड, बेशुद्धी या चार पायऱ्या आहेत. माणूस हाक मारल्यावर डोळे उघडतो की चिमटा काढल्यावर, हे त्यात येतं. श्वासाचंही तसंच. धाप लागणं, घरघर लागणं, उचकी, श्वास अडकणं. या बायका घरी बोलताना हे शब्द अचूक वापरतात. इस्पितळात पाऊल टाकलं की मात्र सगळं विसरून ‘पेशंटला त्रास होतोय’ एवढंच म्हणतात, कारण आपले शब्द गावंढळ आहेत असं त्यांना वाटतं. आमचा निम्मा तास हे वाटणं काढून टाकण्यात जातो.

यातच निरीक्षण आणि निदान हा भेद येतो. ‘ॲटॅक आला’ हे निदान झालं, ते आपलं काम नाही. ‘सव्वातीन वाजता छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली, अंगाला दरदरून घाम आला, बीपी अमुक, नाडी तमुक’ हे निरीक्षण, ते आपलंच काम. फोनवर हे चार वाक्यांत सांगण्याचा सराव आम्ही जोडीजोडीने करून घेतो. ‘पोट बिघडलं’ नाही, तर किती वेळा, पातळ की चिकट, आव आहे का, रंग कसला. काळी डांबरासारखी शी झाली तर ती बातमी ताबडतोब वरपर्यंत गेली पाहिजे, आत रक्तस्राव होत असू शकतो. लघवी ‘कमी झाली’ नाही, तर किती मिलिलिटर. चोवीस तासांत चारशे मिलिलिटरच्या खाली गेली तर वाट पाहायची नाही. इनटेक-आऊटपुट चार्ट म्हणजे आपल्या घरच्या दुधाच्या हिशोबासारखा जमाखर्च आहे. ज्या घरात काम करता तिथला पेला, वाटी आणि कढीचा डाव एकदा मापाच्या भांड्याने मोजून ठेवला की काम भागतं.

शी, लघवी हे शब्द मी इथे सहज बोलले. वर्गात ते सहज येत नाहीत. मोशन, बाथरूम, ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’ असं चालतं. त्याहून खाली गेलं की शब्दच संपतात. ‘खालची जागा’. बाईची खालची जागा, पुरुषाची खालची जागा, दोन्ही नुसत्या जागा. लघवीची वाट आणि योनीमार्ग ही दोन वेगळी तोंडं आहेत हे तीन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांना पहिल्यांदा आमच्या चित्रावर कळतं. कसं कळणार? पांढरं जाणं, बाहेरचं होणं, कावळा शिवणं असे आडून बोलण्याचेच शब्द आपल्याला दिलेले. ऐंशीच्या दशकापासून आपल्या चळवळीतल्या आरोग्य शिबिरांनी ‘आपलं शरीर’ हा विषय घेतला तो याचसाठी. इथे त्याचा रोजच्या कामाशी संबंध आहे. कॅथेटर असलेल्या बाईची स्वच्छता पुढून मागे करायची, मागून पुढे नाही, नाहीतर शीमधले जंतू लघवीच्या वाटेत जातात. हे वाक्य ‘जागा’ हा एकच शब्द वापरून सांगून पाहा. सांगताच येत नाही.

लाजेचा दुसरा परिणाम त्वचेवर दिसतो, शब्दशः. बेडसोअर, शय्याव्रण. तो होतो माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर, घोट्यावर, खवाट्यावर, डोक्याच्या मागे. यातली पहिली दोन ठिकाणं पाहायला पेशंटचे कपडे दूर करावे लागतात, आणि लाजेने ते टाळलं जातं. पुस्तकात पहिली पायरी दिलेली असते की दाबलं तरी न जाणारी लाली. ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते. आपल्या काळ्या-सावळ्या अंगावर ती लाल दिसत नाही. तिथे हाताला गरम लागतं का, आजूबाजूपेक्षा टणक किंवा मऊ लागतं का, रंग जांभळट-काळपट झालाय का, हे पाहावं लागतं. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर आपला पेशंट नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम तुम्हाला माहीत आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने याचं इंग्रजी नाव बदलून ‘व्रणा’च्या जागी ‘इजा’ हा शब्द घेतला, कारण कातडी फाटण्याआधीच आत नुकसान सुरू झालेलं असतं. मला हा बदल आवडला. व्रण आपोआप होतो असं वाटतं. इजा म्हटलं की कशामुळे, हा प्रश्न येतो.

इथे अरुणा शानबागचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ ला तिचा मृत्यू होईपर्यंत, ती त्याच इस्पितळात अंथरुणावर होती. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल वाचलात तर इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही ही गोष्ट त्यात आलेली आहे. परिचर्येचं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही, आणि ते कुठल्या भिंतीवर लावलेलं मी पाहिलेलं नाही. पण मी वर्गात तिची हकीगत सांगते ती दुसऱ्याही कारणासाठी. त्या हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरी यांसाठी. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नव्हता. तो शब्द कागदावर आला नाही, म्हणून कोर्टात आला नाही.

आणि म्हणून शब्दवहीचा शेवटचा भाग. रुग्णसेविका परक्या घरात बारा-बारा तास एकटी असते, अनेकदा रात्री. पेशंटचा मुलगा, जावई, कधी खुद्द पेशंट. ती घरी आल्यावर काय सांगते? ‘ते घर बरं नव्हतं.’ ‘माणूस विचित्र होता.’ फार झालं तर ‘अंगचटीला आला.’ एका बाईला आम्ही दोन तास बसवून विचारत होतो, तेव्हा कुठे तिने हात कुठे लागला त्या अवयवाचं नाव घेतलं. ते नाव तिला आलं कारण दोन आठवड्यांपूर्वी ती ते स्पंजिंगच्या धड्यात शिकली होती. माझ्या मते आपल्या सगळ्या अभ्यासक्रमाचं समर्थन एवढ्यात आहे.

तेव्हा हे शब्दही त्याच वहीत, बेडपॅन आणि युरोबॅगच्या शेजारी: ‘लैंगिक छळ’, ‘कामाची जागा’, ‘स्थानिक समिती’. २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेत राहतं घरही येतं, हे बायकांना खरं वाटत नाही. वाचून दाखवावं लागतं. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत तीन महिन्यांची, पुरेसं कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी हवी, पण लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं ही समितीचीच जबाबदारी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या समितीच्या अध्यक्ष कोण आणि त्या कुठे बसतात, हे प्रत्येक वर्गाने शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. आमचा हा पत्ता मिळवायला तीन खेटे झाले, पण मिळाला.

पैशाचे शब्दही आहेत, ते मी भराभर सांगते कारण संघटनेच्या सत्रात त्यांवर सविस्तर होईल. ‘कमिशन’ किती आणि ते किती दिवसांपर्यंत कापणार. ‘डबल ड्युटी’ म्हणजे चोवीस तास, त्यात झोप कुठे आणि जेवण कुणाचं. ‘सुट्टी’ आणि ‘खाडा’ यातला फरक. ‘डिपॉझिट’ म्हणून मूळ सर्टिफिकेट ठेवून घेणं, हा तर उघड वेठबिगारीचा प्रकार आहे. झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका. आणि ‘रिलीव्हर’. बदली आल्याशिवाय पेशंट सोडून निघू नका असं ब्युरो सांगतो, मग बदली पाठवतच नाही. छत्तीस तास उभी राहिलेली बाई मला माहीत आहे. तिच्या नोंदवहीत दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद होती, वेळेसकट. पैशाच्या भांडणात ब्युरोने एकच ड्युटी झाल्याचा दावा केला तेव्हा तिने ती वही टेबलावर ठेवली. पूर्ण पैसे मिळाले नाहीत. दोन ड्युट्यांचे मिळाले.

शब्दवहीची आमची प्रत मागच्या टेबलावर आहे. चक्राकित आहे, छपाई फिकी आलीय त्याबद्दल रागावू नका. डाव्या पानावर इस्पितळातला शब्द, उजव्या पानावर आपला. उजवी बरीच पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत, कारण मी लिहिलेले शब्द आमच्या वस्तीतल्या बायकांचे आहेत. कोकणातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या बायका धाप लागण्याला, अंधारी येण्याला, जुलाबाला काय म्हणतात ते तुम्ही भरून पाठवा. पारधी, कातकरी, गोंड वस्त्यांमधून येणाऱ्या मुली तुमच्या वर्गात असतील तर तिसरं पान जोडा. शेवटच्या पानावर ‘माझ्या कामात हे बसत नाही’ एवढंच छापलंय, आणि खाली ओळी आहेत. तिथे प्रत्येकीने आपल्याला सांगितलेली पण आपल्या कामात न बसणारी कामं लिहायची. आमच्या मागच्या वर्गातल्या एकीने तिथे लिहिलं होतं, ‘कुत्र्याला फिरवणे’.